सातपुड्यातला कोळसा आणि माझं इंग्रजी

चहाची कपबशी आधी खाली ठेवा बरं. मी माझ्या अकलेची जी गोष्ट सांगणार आहे, ती ऐकताना तोंडात गरम काही नसलेलं बरं. मागे एकाला असा ठसका लागला की पाठीत बुक्के मारावे लागले!

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही एवढे शिकलेले, तुमच्या हातून अशी काय मोठी चूक होणार? अहो, न शिकलेल्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. तिला इंग्रजी यावं लागतं. आणि तेही अर्धवट यावं लागतं. पुरतं येऊन भागत नाही!

ती कापसाची वर्षं. तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ आपसात लढून राहिले होते आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत रुपये उगवत होते. विलायतेच्या गिरण्यांना कापूस हवा, आणि तो आमच्याकडे. काल ज्याच्या अंगात बंडी नव्हती तो आज जरीचं पागोटं घालून बाजारात यायचा. मी तेव्हा अकोल्याच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. इंग्रजीचं पहिलं पुस्तक शिकवायचो, दुसरं स्वतः शिकत होतो. पण गावात इंग्रजी जाणणारी माणसं चार, त्यातले दोन साहेब. मग माझा तोरा काय विचारता! कुणाला इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे. मी चष्मा लावायचो, खाकरायचो, आणि जे कळलं नाही ते मनाने सांगायचो. कोण तपासणार?

अशात मुंबईहून एक एजंट आला. छापील कागद घेऊन. मेळघाटात धारणीच्या पलीकडे एक कंपनी दगडी कोळसा खणणार, तिचे शेअर. कंपनीचं नाव आता घेत नाही. बुडालेल्याचं नाव चारचौघांत घेऊ नये. पण बोलणं पटण्यासारखं होतं हो! आगगाडी येऊन राहिली होती, इंजिनाला कोळसा लागतो, तो कोळसा विलायतेहून जहाजातून येतो. इथल्या इथे सातपुड्यात निघाला तर? घरच्या विहिरीतून पाणी काढून नदीकाठी विकल्यासारखं झालं की नाही?

मी शेअर घेतले. आणि मी घेतले म्हणून आणखी दोघांनी घेतले.

एक हिवरखेडचे गणाजी पाटील. शंभर एकर काळी जमीन, बोलणं कुऱ्हाडीसारखं, पण माणूस मायाळू. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"मास्तर, हा शेर कच्चा का पक्का?"

"पाटील, तो मापाचा शेर नाही. शेअर. म्हणजे कंपनीतला हिस्सा."

"मंग पायलीत बसत नाई म्हना. द्या चार."

दुसऱ्या सगुणाबाई. अंजनगाव सुर्जीच्या. नवरा वारलेला, स्वतःचा पानमळा, आणि दर बाजाराला पानांच्या टोपल्या घेऊन अकोल्याला यायच्या. बाई नागवेलीसारखी बारीक, पण जीभ कातरीसारखी. त्यांनीही घेतले. नंतर कित्येकदा म्हणाल्या, "मास्तर, त्या दिशी मले कोनी झपाटलं होतं का काय, समजत नाई."

झालं. वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. कोळसा काही येईना. येत होती ती पत्रं. दर पत्रात एकच, 'प्रॉस्पेक्ट्स गुड.' मी वाचून दाखवायचो, "लक्षण चांगलं आहे." पाटील मान डोलवायचे. मग पत्रांतला 'गुड' गेला, नुसते 'प्रॉस्पेक्ट्स' राहिले. आणि शेवटी एक लाकडी पेटी आली. आत गवतात गुंडाळलेला एक काळा दगड. खाणीतला नमुना!

त्याच आठवड्यात बातमी आली की अमेरिकेतली लढाई मिटली. कापसाचा भाव धाडकन कोसळला. बाजारात माणसं मयताला आल्यासारखी बसलेली. अशा दिवसांत आम्ही तिघं भागीदार रविवारी शाळेच्या ओसरीवर जमलो, मधे तो दगड ठेवला, आणि विचार करायला बसलो की आता या कंपनीचं पुढे काय होणार.

चौथे होते अमरावतीचे बळवंतराव वकील. कोर्टाच्या कामासाठी अकोल्याला येत. त्यांनीच सांगावा धाडला होता, की तुमचे शेअर अर्ध्या किमतीला विकत घ्यायला तयार आहे.

"तुमी कायले घेता मंग? तुमाले काय कोळशाचं सपन पडलं का?" पाटलांनी विचारलं.

वकील हसले. "मला वाटतं दिवस फिरतील. माझं चुकेलही. तुम्हाला तसं वाटत नसेल तर मला द्या. मी उद्या संध्याकाळपर्यंत अकोल्यात आहे."

पाटलांनी दगड उचलला, फिरवून पाहिला. "हा तं माया वावरातला गोटा हाय. बैलाच्या पायाले लागते तो."

"पाटील, वरून तसा दिसतो," मी म्हणालो. "दगडी कोळसा आहे. आत ज्वाला असते."

"माई सासू बी म्हने," सगुणाबाई म्हणाल्या, "तुया सासऱ्याच्या आंगात लय आग हाय. पन चूल कधी पेटली नाई त्यानं."

मला राग आला. म्हटलं, करूनच दाखवतो! शेगडी आणवली, गोवऱ्या घातल्या, वर दगड ठेवला, आणि पंख्याने वारा घालायला बसलो. गोवऱ्या पेटल्या. गोवऱ्या जळल्या. दुसऱ्या घातल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

"बघा, तापला!" मी ओरडलो.

"तवाबी तापते," सगुणाबाई.

मी आणखी वाकलो, आणि फाट्! दगडाला तडा गेला, त्याचा एक लालभडक कपचा उडाला आणि सरळ माझ्या नव्या पागोट्यात जाऊन बसला. मी नाचायला लागलो. पाटलांनी पागोटं ओढून जमिनीवर आपटलं, पायाने विझवलं, आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, पेटलं तं खरं. पन कोळसा नाई, पागोटं."

वकीलसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते त्यांचे.

पण हसणं तेवढंच. पाटील हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, माया वावरात विहीर अर्धी खणून पडली हाय. तिकडे कंपनी खणून राहिली, इकडे मी. दोघांलेही दगडच लागला. पन माया खड्ड्यात आज ना उद्या पानी तरी लागन. अर्धे तं अर्धे, मले द्या माये पैसे."

"मी बी तेच म्हनते," सगुणाबाई म्हणाल्या. "पानमळ्यात एक वेल सडला का उपटून फेका लागते. नाईतं शेजारचा सडते. तुमी सडल्या वेलाले पानी घालून राहिले, मास्तर."

आता इथे गप्प बसायला काय झालं होतं मला? हो म्हटलं असतं तर आज तुम्हाला सांगायला ही गोष्टच नसती. पण मीच या दोघांना यात ओढलेलं. अर्ध्या किमतीत विकायचं म्हणजे माझं इंग्रजी अर्ध्या किमतीचं ठरलं! मी म्हणालो, "विलायती शास्त्राने चालणारी कंपनी आहे. आत्ता कुठे वरचा थर निघाला. खाली खरा माल असतो. थोडा धीर धरा."

"मंग एक डाव इचारून घ्या ना बाप्पा त्याईले," सगुणाबाई वैतागून म्हणाल्या. "कोळसा हाय का नाई? हो का नाई, येवढंच. नाई म्हनले तं वकीलसायबाले देऊन मोकळे."

सगळ्यांना पटलं. स्टेशनात तारेचं यंत्र नुकतंच सुरू झालं होतं. मी कंपनीला तार केली. माझ्या आयुष्यातली पहिली तार, आणि शब्दाला पैसे पडतात म्हणून अगदी मोजकी. 'कोल, येस ऑर नो?'

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी तट्टावर बसून स्टेशनात गेलो. तिथलं दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. फलाटापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाठी रचलेल्या, आणि उचलणारा कोणी नाही. एक म्हातारा राखणदार गाठीला पाठ लावून झोपलेला. जणू साऱ्या जगाला कपडे नको झाले होते.

तारमास्तर मद्रासकडचा. त्याचं इंग्रजी म्हणजे उकळत्या तेलातल्या मोहऱ्या. कागद हातात घेऊन त्याने वाचायला सुरुवात केली आणि नेमकी त्याच वेळी इंजिनाने शिटी मारली. मला ऐकू आलं ते असं.

"फाइन कोल. लेटर फॉलोज."

फाइन कोल! उत्तम कोळसा! पत्र मागाहून येत आहे!

"वन्स मोअर," मी म्हणालो. त्याने पुन्हा वाचलं. इंजिनाने पुन्हा शिटी मारली. फाइन कोल!

कागद मी हातात घेऊन पाहिला का? पाहिला ना. पण अक्षर असं, की मुंगीने शाईत पाय बुडवून पळावं. आणि एकदा कानाने सांगितलं की डोळा काय वेगळं सांगणार? कागदावरही मला 'फाइन कोल'च दिसलं. घडी घालून छातीशी धरली आणि तट्टू असं पिटाळलं की बिचारं आयुष्यात पहिल्यांदा धावलं.

ओसरीवर तिघं वाट पाहत होते. मी उतरलो नाही, पडलोच.

"कोल! पाटील, कोल निघाला!"

पाटील दचकून उभे राहिले. "कोल्हा? कुठी?"

"कोल्हा नाही हो, कोल म्हणजे कोळसा! आणि साधा नाही, फाइन! फाइन म्हणजे उत्तम. तलम!"

"तलम कोळसा?" सगुणाबाईंनी भुवया चढवल्या. "लुगडं हाय का ते?"

बळवंतराव वकील मात्र एकदम सावध झाले. "मास्तर, तार बघू जरा."

आणि मी काय केलं असेल? शेअर विकत घ्यायला आलेल्या माणसाला तार दाखवायची? एवढा का मी खुळा? मी तार अंगरख्याच्या आतल्या खिशात घातली, वरून हात ठेवला, आणि म्हणालो, "तार खासगी आहे, वकीलसाहेब."

वकिलांनी जरा विचार केला. "ठीक आहे. अर्धी नाही, पुरी किंमत देतो. मूळ भावाने. आत्ता."

पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढा विश्वास होता की आज आठवलं तरी मान खाली जाते. मी मान हलवली, नाही! पाटलांनी वकिलांना हात जोडले. "नाई देत, सायेब. मास्तर म्हनते तं नाई देत."

"मी देते," सगुणाबाई म्हणाल्या. "पुरे पैसे भेटून राहिले ना? बस. तुमचा तलम कोळसा तुमाले लखलाभ."

आता सोन्याची कोंबडी ही बाई वकिलाच्या हातात देऊन राहिली, हे मला बघवेना. खरं सांगतो, दया नव्हती ती, हाव होती. मी ओरडलो, "थांबा! मी घेतो! सव्वापट किमतीला घेतो!"

वकिलांनी खांदे उडवले, टांगा बोलावला आणि निघून गेले. सगुणाबाई टोपलीवर बसून राहिल्या. "आना मंग पैसे. मी बसली हाये."

पैसे कुठून आणायचे? मी घरी गेलो. आमची मंडळी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि तिच्या हातांकडे पाहिलं. तिच्या माहेरच्या पाटल्या होत्या त्या.

तिने एकच विचारलं. "नीट वाचलं ना तुम्ही?"

"इंग्रजी मी वाचायचं नाही तर काय तू वाचणार?" मी उसळलो.

तिने हात धुतले, मनगटांना तेल चोळलं आणि पाटल्या फिरवून फिरवून काढल्या. घट्ट बसल्या होत्या. लग्नानंतर कधी उतरल्याच नव्हत्या. काढल्या तिथे कातडीवर गोल पांढरे वळ राहिले. माझ्या हातात ठेवल्या आणि ती पुन्हा भाकरी थापायला बसली. त्या संध्याकाळी त्या वळांकडे बघायची मला सवड नव्हती. पुढे पुष्कळ मिळाली.

नंतरचे आठ दिवस म्हणजे काय सांगावं! गावात मी 'कोळसेमास्तर' झालो. कापूस बसलेला, माणसं बुडालेली, आणि त्यात मी एकटा छाती काढून चाललेला. सुतकात सनई! शाळेत पेढे वाटले. शेजाऱ्याला सांगितलं की पुढल्या वर्षी माडी चढवणार. आणि कळस म्हणजे हेडमास्तरांच्या हातात राजीनामा दिला! इंग्रजीत लिहून. दोन पानं.

देव दयाळू आहे हो. त्या राजीनाम्यात मी इतक्या चुका केल्या होत्या की हेडमास्तरांना तो रजेचा अर्ज वाटला. त्यांनी चार दिवसांची रजा मंजूर केली. नाहीतर नोकरीही गेलीच होती.

नवव्या दिवशी पत्र आलं. चांगलं जाड, मोहोर लावलेलं. मी अंघोळ करून, डिक्शनरी घेऊन बसलो. पहिलीच ओळ. 'फायनल कॉल.' कोळशाच्या स्पेलिंगमध्ये ओ असतो. इथे ओ नव्हता, नुसता ए होता. आणि एल दोन.

मी खिशातली तार काढली. खिडकीपाशी नेली. एक एक अक्षर बोट ठेवून वाचलं, पहिलीतली पोरं वाचतात तसं. एफ, आय, एन, ए, एल. फायनल. फाइन नव्हे! सी, ए, एल, एल. कॉल!

आता कॉल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण मलाही तेव्हाच कळलं. शेअरची किंमत आम्ही निम्मीच भरली होती. उरलेली निम्मी कंपनी मागेल तेव्हा भरायची, असा करार. त्या मागणीला म्हणतात कॉल. फायनल कॉल म्हणजे शेवटची मागणी. कंपनीने माझ्या प्रश्नाला उत्तर दिलंच नव्हतं. कोळसा हो की नाही, याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यांनी सरसकट सगळ्या भागीदारांना एकच तार ठोकली होती. पैसे आणा!

मग हा करार आम्ही सही करताना वाचला नव्हता का? वाचला होता. मीच वाचून दाखवला होता. 'दि कंपनी मे कॉल.' मी दोघांना अर्थ सांगितला होता, "कंपनी आपल्याला केव्हाही बोलावील." खाण बघायला, सरबत प्यायला! पाटलांनी त्यासाठी नवा अंगरखा शिवून ठेवला होता.

"काय लिहिलंय?" आतून आवाज आला.

"कंपनीने बोलावलंय."

"बरं झालं. कधी जायचं?"

"मी नाही. पैसे."

भांड्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. ती बाहेर आली नाही.

मी तट्टावर बसून हिवरखेडला गेलो. पाटील त्या अर्ध्या विहिरीच्या काठावर बसले होते. मजूर घरी पाठवून दिलेले, पहार आडवी पडलेली. मी सगळं सांगितलं. न लपवता. कान कसे फसले, डोळे कसे फसले, आणि मी कसा फसलो.

पाटील खाली खड्ड्यात बघत होते.

"वकील पुरे पैसे देऊन राहिला होता, मास्तर."

"हो."

"मी नाई म्हनलं."

"हो."

"तुमी मान हालवली म्हनून."

"हो, पाटील."

"मंग ते खाण पाहाले बोलावनार होते, ते?"

"तेच हे."

त्यांनी एक ढेकूळ उचलून खड्ड्यात टाकलं. कोरडा आवाज आला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "पाटील, जे झालं ते माझ्यामुळे. पण आता ही मागणी भरायलाच हवी. इंग्रजी कायदा आहे. न भरली तर जप्ती येईल, बेड्या पडतील. मी भरून राहिलो आहे. तुम्हीही भरा."

पाटलांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "बरं," म्हणाले. एवढंच. आणि घरी नेऊन मला जेवू घातलं. अशा माणसाच्या घरचं वरण घशाखाली उतरत नाही हो!

मला तर दुप्पट भरायचं होतं. माझे शेअर, वर सगुणाबाईंचे सव्वापटीने घेतलेले. घरामागची मोकळी जागा विकली, ज्या घरावर माडी चढवायची होती त्याला लागूनच होती ती. तट्टू विकलं. सगळ्याची हुंडी करून मुंबईला धाडली, सोबत इंग्रजीत नम्र पत्र. त्या दिवसापासून शाळेत पायी जायला लागलो. वाटेत बाजार लागायचा. सगुणाबाई दिसल्या की मी दुसरीकडे बघायचो, पण बाई सोडायच्या नाहीत.

"या मास्तर, पान खा."

"पैसे नाहीत आज."

"पैसे कोन मांगून राहिलं? तुमचं लय खाल्लं मी. आता तुमी खा माये पान."

आणि ते पान घ्यावं लागायचं. कडू लागायचं, का कोण जाणे.

पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. ती दिवाळी गावात कुणीच धड केली नाही. मग कंपनीकडून आणखी एक पत्र आलं. मी पाकीट फोडलंसुद्धा नाही. सरळ पाटलांकडे नेलं.

"तुमी नोका वाचू," पाटील घाईने म्हणाले. "अमरावतीले नेऊ. बळवंतरावाकडे."

आगगाडीने बडनेरा, तिथून छकड्यातून अमरावती. साऱ्या वाटेत पाटील बाहेरची वावरं बघत बसले. वकीलसाहेबांनी मात्र दारात येऊन स्वागत केलं. सरबत आणवलं. मी फीचा विषय काढला तर कानांना हात लावले.

"तुमच्याकडून फी? मास्तर, त्या दिवशी तुम्ही हट्ट धरला नसता, तर ते सगळे शेअर आज माझ्या गळ्यात असते. आमच्या घरात तुमचं नाव निघतं रोज."

बघा! माझ्या इंग्रजीने दोन घरं तारली होती. वकिलांचं आणि सगुणाबाईंचं. फक्त माझं आणि पाटलांचं राहिलं होतं.

वकिलांनी पत्र उघडलं, मनाशी वाचलं आणि थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग घसा साफ केला.

"कंपनी बंद झाली. खाणीत पाणी भरलं. कोळसा नव्हताच, काळा दगड होता."

पाटलांनी मान डोलवली. ते त्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं.

"ज्यांनी फायनल कॉल भरला नाही, त्यांचे शेअर कंपनीने जप्त केले आहेत."

"म्हणजे जप्ती आली!" मी म्हणालो. "मी सांगत होतो ना?"

"अहो, शेअरची जप्ती, मास्तर. घरादाराची नाही. कंपनीच बुडाली, तिचे रद्दी कागद कंपनीनेच नेले. न भरणाऱ्याचा आणखी एक पैसाही गेला नाही."

मी पुढे सरकलो. "आणि भरणाऱ्यांचं?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "त्यासाठीच हे पत्र आहे. संचालक लिहितात, की साऱ्या भागीदारांत फायनल कॉल भरणारा गृहस्थ एकच निघाला. अकोल्याचे मास्तर. त्यांच्या पैशातून ऑफिसचं थकलेलं भाडं आणि कारकुनांचे पगार चुकते झाले. त्याबद्दल कंपनी त्यांची मनापासून आभारी आहे."

बाहेर छकड्याचे बैल घुंगरं वाजवत होते. मी सावकाश पाटलांकडे वळलो.

"एकच? पाटील, म्हणजे तुम्ही भरले नाहीत?"

"नाई."

"अहो, पण मी तुमच्या वावरात येऊन सांगितलं होतं. कायदा आहे म्हणून. बेड्या पडतील म्हणून. भरा म्हणून!"

"सांगतलं होतं ना," पाटील म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या मिशीत मला हसू दिसलं. "तुमी भरा म्हनलं, तवाच मी मनाशी म्हनलं, गणाजी, आता काई भराचं नाई. तुमचं इंग्रजी खोटं नसते, मास्तर. फकत उलटं धरा लागते."